वाघजाईची चूड

उंबरवाडीचा डोंगर पेटला तो वरून पेटला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. चौदा वर्षं वनसमितीनं रस्त्याकडेच्या अंगाला जाळरेषा काढली होती. म्हणजे थंडी सरता सरता गवताचा लांब पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा, की उन्हाळ्यात आगीला पुढं सरकायला काही उरत नाही. आग यायची ती वरंध घाटाकडून येणाऱ्या रस्त्यानं, कुणाच्या तरी विडीपायी. धारेवरून, वाघजाई देवीच्या ठाण्याकडून ती खाली येईल, हे अध्यक्ष कुंडलिकच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

बुधवारी दुपारी तो जेवून ओटीवर आडवा झाला होता. भाकरी त्यानं एकट्यानंच खाल्ली होती, कारण बायको चंद्राबाई पोटात बरं नाही म्हणून सकाळपासून उपाशी होती आणि तशीच शिवारात जाऊन येते म्हणून गेली होती. त्याचा जरा डोळा लागतोय तोच हनुमंत ओरडत आला. हनुमंत म्हणजे समितीचा सगळ्यात जुना सभासद, बोलण्यात पुढं आणि चालण्यात मागं. पण त्या दिवशी तो पळत आला होता.

"अध्यक्ष, डोंगर ग्येला."

कुंडलिक अंगणात आला आणि जागच्या जागी खिळला. वाघजाईच्या धारेपासून खाली, ऐनाच्या आणि हिरड्याच्या रानातून, आग उतरत होती. आग चढते, एवढंच त्यानं जन्मभर पाहिलं होतं. ही उतरत होती, दमादमानं, आणि मधूनच वाऱ्याच्या झोतासरशी पन्नास-पन्नास पावलं पुढं उडी घेत होती. आवाज इतका मोठा होता, की शेजारचा काय बोलतोय ते कळत नव्हतं.

वाडी होती तेवढी धावली. ओल्या डहाळ्या तोडून माणसं गवत झोडपत सुटली. कुंडलिक ओढ्याच्या वाटेनं वर गेला, तर चंद्राबाई त्याच्या आधीच तिथं होती. अर्ध्या डोंगरात, एकटी. हातातली डहाळी जळून गेली होती तरी ती पदरानं, हातानं, मिळेल त्यानं विस्तव मारत होती. त्यानं तिला ओढून बाजूला काढलं तेव्हा तिचे तळहात त्याला दिसले. कातडी सुटून लोंबत होती. त्या हातांनी सकाळी त्याची भाकरी थापली होती.

"बघा रे," तो सगळ्यांना म्हणाला, आणि म्हणताना त्याला रडू फुटलं, "बघा माझी बायकू. तुमी कुठं व्हता?"

चंद्राबाई काहीतरी बोलू लागली होती. त्यानं तिला बोलू दिलं नाही. हिर्डोशीहून टेम्पो आला, त्यात तिला घालून भोरच्या दवाखान्यात पाठवलं.

संध्याकाळी आग ओढ्यापाशी येऊन आपणच विझली. वर बघवत नव्हतं. सरकार आणि गाव यांनी भागीदारीत राखलेलं रान ते. जागा वनखात्याची, राखण वाडीची, आणि हिरडा, मध, कापलेलं गवत जे निघेल ते वाडीचं. चौदा वर्षांपूर्वी तिथं नुसते गेळ्याच्या झुडपांचे खुंट होते. कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, पाळीपाळीनं राखण केली, तेव्हा कुठं ऐनाची झाडं माणसाच्या दुप्पट झाली होती आणि भेकर पुन्हा भुंकायला लागलं होतं. सगळं एका दुपारीत काळंठिक्कर. कुंडलिक ओढ्याच्या दगडावर बसला आणि त्याला उठवेना. घरातलं कुणी गेल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि त्याची त्याला लाजसुद्धा वाटत नव्हती.

गुरुवारी भोरहून वनखात्याच्या गार्डबाई आल्या. प्रेरणा त्यांचं नाव. वय तिशीच्या आत, पण डोंगर चढताना त्यांनी हनुमंताला तीन वेळा मागं टाकलं. ओढ्याकडून जमेल तेवढं वर जाऊन त्यांनी पंचनामा केला. धारेवर अजून खोडं धुमसत होती म्हणून तिथवर गेल्या नाहीत. शुक्रवारी समितीची बैठक शाळेच्या पडवीत बसली.

"आग वरून आलीये," प्रेरणा म्हणाल्या. "म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नाही. वाडीतलंच कुणीतरी धारेवर गेलं होतं. कोण?"

मग हनुमंतानं घसा साफ केला आणि भिमाचं नाव घेतलं.

आता भिमा कोण ते सांगतो. वाडीच्या टोकाला राहणारा, चार म्हशी आणि एका रेडीचा धनी, कमी बोलणारा आणि बोलला की समोरच्याला टोचणारा. चराईबंदी झाली तेव्हापासून त्याचं आणि समितीचं जमत नव्हतं. दरवर्षी दिवाळीनंतरच्या बैठकीत तो एकच गाणं गायचा, की खालचं गवत कापून न्या, बेस हाय, पण धारेवरचं कुणी कापत न्हाई, एवढ्या लांबून भारा कोण आणतंय. ते गवत जनावरानं खाल्लं पायजे. न्हाईतर एक दिवस ते डोंगराला खाईल. आणि दरवर्षी कुंडलिक त्याला म्हणायचा, "भिमा, गप खाली बस."

"बोललाच हुता त्यो," हनुमंत म्हणाला. "डोंगराला खाईल म्हनून. आनि बुदवारी दुपारी वर गेल्याला म्या माझ्या डोळ्यांनी बगितला."

भिमा पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. "रेडी चुकली व्हती. तिला बघाया गेलतो."

"घावली का रेडी?"

"न्हाई."

लोक हसले. एवढ्या मोठ्या डोंगरात आगीच्या दिवशीच याची रेडी चुकते. कुंडलिक मात्र हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढं बायकोचे तळहात होते. त्याच तिरमिरीत त्यानं समितीच्या वतीनं अर्ज लिहिला, भिमाच्या नावानं, आणि खाली झोकात सही ठोकली. त्या अर्जावर भिमावर वनगुन्हा दाखल व्हायचा होता. प्रेरणा सोमवारी येऊन जबाब घेणार, मग त्याला भोरला रेंज ऑफिसात नेणार असं ठरलं. भिमानं अर्जाकडं बघितलं आणि तो निघून गेला.

शनिवारी चंद्राबाईला सोडलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. भोरच्या स्टँडवर कुंडलिकनं तिला आपल्या हातानं चहा पाजला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि असं त्यानं पहिल्यांदाच केलं होतं. एसटीत खिडकीची जागा तिला दिली. वाटेत तो सांगत राहिला, की सगळ्या पंचक्रोशीत तुझं नाव झालंय, गार्डबाई म्हणत होत्या तुझा सत्कार करायचा. चंद्राबाई बाहेर धरणाच्या पाण्याकडं बघत होती.

"आनि ज्यानं आग लावली त्यालाबी आमी सोडला न्हाई," तो म्हणाला. "भिमा. सोमवारी नेत्यात त्याला."

चंद्राबाईनं मान वळवली.

"भिमाभावजींचं नाव काढा," ती म्हणाली.

"का म्हून काढू?"

"चूड म्या दाखवली."

कुंडलिकला शब्द ऐकू आले, पण ते आत शिरेनात. एसटी वळणावर होती, तो नुसता पुढच्या दांडीला धरून राहिला. मग त्यानं विचारलं, "कसली चूड?"

विचारायची गरज नव्हती. त्याला माहीत होतं. वाडीत जन्मलेल्या प्रत्येक पुरुषाला माहीत असतं आणि कुणीच ते बोलत नाही. घरातला माणूस मरणाच्या दारातून परत आला, की घरच्या बाईनं उपाशीपोटी, एकटीनं, दुपार कलताना वाघजाईच्या धारेवर जायचं. ओटी भरायची, कारवीच्या काटक्यांची चूड पेटवून देवीवरून पाच वेळा ओवाळायची आणि तिथंच धुळीत घासून विझवायची. ज्याच्यासाठी दाखवायची त्याला सांगायचं नाही, नाहीतर आलेलं दुखणं माघारी फिरतं. कुंडलिकची समजूत होती, की समिती झाल्यापासून हे सगळं बंद पडलं.

भादव्यात त्याला फुरसं चावलं होतं. नाचणीच्या वावरातून चौघांनी त्याला झोळीत घालून रस्त्यावर आणलं होतं. चार दिवस तो शुद्धीवर नव्हता.

"तवा बोलले व्हते देवीला," चंद्राबाई म्हणाली. "आजवर जमलं न्हाई. होळीच्या आत दाखवायची म्हनून ग्येले. विझवली व्हती वो म्या. चांगली घासली, पानी मारलं. चार पावलं आले आनि मागं बगितलं तर गवत पेटलेलं. ठिनगी कवा उडाली कळलंच न्हाई. मग मारत सुटले."

"तवाच का बोलली न्हाईस?"

"बोलत व्हते. तुमी बोलू दिलं का? समद्यांना म्हनत व्हता, बघा माझी बायकू."

कुंडलिकला तिचा राग येत होता आणि तिच्या हातांकडं बघवत नव्हतं. फाट्यावर उतरून वाडीपर्यंतचे तीन मैल ते चालत गेले. अर्ध्या वाटेत तो थांबला.

"अगं, ठराव हाय समितीचा. डोंगरावर चूड न्यायची न्हाई, इस्तू न्यायचा न्हाई. तू सभासद हाईस. तुझी सही हाय खाली."

"माझी सही?"

"रजिस्टरवर."

चंद्राबाईला आठवायला वेळ लागला. "ते व्हय? म्या भाकरी थापत व्हते. तुमी म्हनला, हितं सही कर, मानसं खोळंबल्यात. पिठाच्या हातानं केली. कशावर केली ते तुमी कुठं सांगितलं?"

समितीत बायका हव्यात असा वरचा नियम होता. बैठकीला बायका बोलवायच्या तर घरातली कामं अडायची, म्हणून त्यानं आणि हनुमंतानं रजिस्टर घरोघर फिरवून अकरा सह्या गोळा केल्या होत्या. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट अर्ध्या दिवसात काम उरकलं म्हणून दोघं खूश झाले होते.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "तू कुनाला काय बोलू नगंस. तुला कुनी बगितलं न्हाई. भिमाचं म्या बगतो कायतरी."

चंद्राबाई पुढं चालायला लागली.

रविवारी उजाडताच कुंडलिक एकटाच धारेवर गेला. खरं सांगायचं तर काही खूण राहिली असेल तर ती पुसायला गेला. चौदा वर्षांचा अध्यक्ष, ज्यानं कुणाच्या पोराला साधी गलोल डोंगरात नेऊ दिली नाही, तो राखेतून चोरासारखा चालला होता. बूट तापत होते. वाघजाईच्या दगडापुढं नारळाची जळकी करवंटी पडली होती आणि हिरव्या बांगड्यांच्या काचा. त्यानं ते खिशात घातलं. दगडापुढच्या धुळीत चूड घासल्याचा काळा ओरखडा होता. तिनं खरंच नीट विझवली होती. त्याच्या आईनंही अशीच विझवली असणार, आणि आजीनं. डोंगर तेव्हा कधी पेटला नव्हता.

का पेटला नव्हता, ते त्याला तिथं उभं राहिल्यावर कळलं. तेव्हा इथं गुरं चरत होती. धारेवर गवत म्हणाल तर बोटभर. ठिणगी उडाली तरी धुळीत पडून मरायची. गुरं त्यानं बंद केली. चौदा वर्षं गवत कुणी खाल्लं नाही, कुणी कापलं नाही, डोक्याएवढं वाढून दगडाच्या अंगाला येऊन भिडलं होतं. भिमा हेच सांगत होता. दरवर्षी, एकाच तोंडानं, सगळ्यांपुढं सांगत होता.

करवंटी खिशात घालून तो उतरायला लागला, आणि थोडं खाली खडकाच्या आडोशाला त्याला रेडी दिसली. पाय ताणलेले, पोट फुगलेलं. गळ्यातली घंटा तेवढी शाबूत होती.

भिमा खोटं बोलला नव्हता. भिमाची रेडी खरंच चुकली होती, आणि त्याला लोक हसले होते, आणि हसणाऱ्यांच्या अध्यक्षानं त्याच्या नावानं अर्ज लिहिला होता. आपण कोण आहोत हेच कुंडलिकला कळेना. खाली वाकून त्यानं घंटा सोडवून घेतली.

सोमवारी अकराला प्रेरणा आल्या. शाळेच्या पडवीत सतरंजी टाकली होती. भिमा धुतलेला सदरा घालून आला होता, भोरला जायच्या तयारीनं. कुंडलिक उठला, सदऱ्याच्या खिशातून घंटा काढून त्यानं भिमापुढं ठेवली.

"घावली," तो म्हणाला. "धारेखाली. म्याडम, माझा अर्ज परत द्या. भिमानं आग लावली न्हाई."

भिमानं घंटा उचलली, उलटी करून पाहिली आणि मांडीवर ठेवली.

"मग कुणी लावली?" प्रेरणांनी विचारलं.

रात्रभर कुंडलिकनं वाक्य जुळवलं होतं, पण बायकोचं नाव काही जिभेवर येईना. हनुमंत त्याच्याकडं बघतच राहिला. तेवढ्यात पडवीच्या पायरीवर चंद्राबाई उभी राहिली. तिच्यामागं वाडीतल्या सात-आठ बाया होत्या. चौदा वर्षांत त्या पडवीत बैठकीला वाडीतली बाई आली नव्हती, तर लोकांनी बसायला जागा कुठं द्यायची तेच कळेना.

"म्या," चंद्राबाई म्हणाली. खाली बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, फुरशापासून तळहातापर्यंत. चुडीचं नाव पुरुषांपुढं निघालं तेव्हा दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. हनुमंताचा आ वासला तो मिटलाच नाही.

प्रेरणा लिहीत होत्या. लिहून झालं तेव्हा त्यांचाही आवाज उतरला होता. "काकू, हे मला साहेबांपुढं ठेवावं लागेल. तुमच्या हातून मुद्दाम झालं नाही हेही लिहिलंय. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही. इथं सही हवी. पट्टी निघेपर्यंत थांबू आपण."

"थांबाया नगं. पन आदी वाचून दाखवा."

प्रेरणांनी जबाब वाचला. चंद्राबाईनं सगळा ऐकला आणि एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली, की चूड घासून विझवली एवढंच आलंय, पाणी मारलं तेही लिहा. मग म्हणाली, "आता त्यो ठराव वाचा. माझी सही हाय त्यो."

जुनं रजिस्टर कुंडलिकच्या मांडीवर होतं. प्रेरणांनी त्याच्याकडं पाहिलं. वाचायचं त्यालाच होतं. त्यानं पान काढलं, चष्मा लावला.

"ठराव क्रमांक तीन. वनक्षेत्रात कोणत्याही धार्मिक अगर घरगुती कारणास्तव विस्तव, चूड वा दिवटी नेली जाणार नाही. तसेच संपूर्ण क्षेत्रात चराईबंदी राहील." पुढची ओळ त्याच्याच अक्षरात होती आणि ती आपण लिहिल्याचं त्याला आज आठवत होतं. "सदर ठराव सर्व महिला सभासदांना वाचून दाखवण्यात आला व समजावून सांगण्यात आला. त्यांनी तो एकमताने मंजूर केला."

खाली अकरा नावं होती. ती त्यानं एकेक करून वाचली. त्यातल्या तिघी आता हयात नव्हत्या. बाकीच्या बहुतेक समोर बसल्या होत्या आणि आपापलं नाव ऐकून एकमेकींकडं बघत होत्या.

"कुनी वाचून दाखवला व्हता?" चंद्राबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

हनुमंत सतरंजीची दोरी ओढत बसला होता. कुंडलिकला वाटलं, आग लागली त्या दिवशीसुद्धा आपण एवढे भाजलो नव्हतो.

"कुनीच न्हाई," तो म्हणाला. "ती वळ म्या लिवली. खोटी हाय. आनि गुरं बंद करताना भिमाचंबी ऐकलं न्हाई. म्याडम, हे सारं जबाबात घ्या."

प्रेरणांनी घेतलं. मग चंद्राबाईनं पेन मागितलं. एका बाईनं ते तिच्या पट्टीच्या घडीत खोचून दिलं आणि तिनं कोपरातून हात हलवत, दात आवळून, एकेक अक्षर काढलं. चंद्राबाई कुंडलिक. फार वेळ लागला. तोवर कुणी उठलं नाही, भिमासुद्धा नाही.

सही झाल्यावर तिनं कागद कोपरानं नवऱ्याकडं सरकवला.

"आता तुमी करा," ती म्हणाली. "पन वाचून करा."